नाव, गाव आणि आकडा : पहिले महायुद्ध आणि मराठी वाङ्मय

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात पहिले महायुद्ध बहुधा एक सीमारेषा म्हणून वावरते. ‘महायुद्धपूर्व’ आणि ‘महायुद्धोत्तर’ अशी कालविभागणी केली जाते, पहिल्या विभागाला एका प्रकारची मूल्यव्यवस्था आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारची बहाल केली जाते, आणि ज्या घटनेमुळे ही विभागणी शक्य झाली ती घटना मात्र या दोन शब्दांच्या मधल्या फटीत राहून जाते. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत मराठी रंगभूमी वैभवात होती. ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये रंगमंचावर आले, आणि युद्ध संपल्यानंतर काही महिन्यांतच, १९१९ मध्ये, ‘एकच प्याला’ आले. निबंध, वृत्तपत्रीय लेखन, काव्य यांचा प्रवाह अखंड होता. तरीही या युद्धाचा रणांगणावरील अनुभव मराठी ललित वाङ्मयाच्या ठळक परंपरेत आढळत नाही. मराठीतील ज्या कादंबरीच्या नावातच ‘रणांगण’ आहे, ती विश्राम बेडेकरांची १९३९ ची कृती दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

या अभावाचे रूढ स्पष्टीकरण असे की, हे युद्ध दूर युरोपात झाले आणि मराठी समाजाला त्याची प्रत्यक्ष झळ पोचली नाही. हे स्पष्टीकरण वस्तुस्थितीला धरून नाही. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ पासून मेसोपोटेमियात लढत होती. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या, आणि कोकण व देशावरील शेतकरी कुटुंबांतले मराठे व दख्खनी मुसलमान त्यांत भरती झालेले होते. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे या डिव्हिजनला वेढा पडला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. झळ पोचली नाही असे म्हणताना ती कोणाला पोचली नाही, हा प्रश्न विचारावा लागतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे : मराठी वाङ्मयाने या युद्धाची कारणे लिहिली आणि परिणामही लिहिले, परंतु कारण आणि परिणाम यांना जोडणारा मधला दुवा, म्हणजे युद्धात गेलेला माणूस, त्याच्या कक्षेबाहेर राहिला. हा अभाव भौगोलिक अंतरामुळे निर्माण झालेला नाही. लिहिणारे आणि लढणारे यांच्यातील सामाजिक अंतर हे त्याचे कारण आहे. हिंदी, बंगाली आणि भारतीय इंग्रजी साहित्याच्या तुलनेत हे अंतर विशेष स्पष्ट होते. या तुलनेचा आरंभ दिल्लीतील एका दगडी संहितेपासून करणे सोयीचे आहे, कारण भारतीय सैनिकाचे ‘लेखन’ कोणी, कोठे आणि कोणत्या लिपीत केले, या प्रश्नाचे पहिले उत्तर तेथे मिळते.

२

नवी दिल्लीतील इंडिया गेट हे मूलतः ‘अखिल भारतीय युद्धस्मारक’ आहे. १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी त्याची कोनशिला बसवली. एडविन लट्यन्स यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या कमानीचे उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. १९१४ ते १९२१ या काळात मरण पावलेल्या सुमारे ७०,००० भारतीय सैनिकांचे हे स्मारक आहे. मात्र कमानीवर कोरलेली नावे तेरा हजारांहून काहीशीच अधिक आहेत. ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांची आहेत. ती रोमन लिपीत आहेत.

फ्रान्स, मेसोपोटेमिया किंवा पूर्व आफ्रिका येथे मरण पावलेल्यांची नोंद त्या त्या देशातील स्मारकांवर करावी, असे धोरण होते. त्यानुसार फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये भारतीयांचे स्वतंत्र स्मारक उभे राहिले आणि तेथे ४,७०० हून अधिक नावे कोरली गेली. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर मात्र वेगळी रीत अवलंबण्यात आली. ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे तेथे आली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्मरणातील या विषमतेची कबुली दिली. मराठा पलटणींची मुख्य रणभूमी मेसोपोटेमिया होती. म्हणजेच ज्या स्मारकावर मराठी शिपायाचे नाव असायला हवे होते, त्याच स्मारकावर तो आकडा झाला.

या दोहोंच्या जोडीला महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आढळणाऱ्या छोट्या स्मारकशिला ठेवल्या म्हणजे चित्र पूर्ण होते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच त्यांचा सर्वसाधारण मजकूर. सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी’ हे उपपद मिरवणारे अपशिंगे हे अशा गावांचे सर्वपरिचित उदाहरण. या शिलांवर गाव असते आणि संख्या असते, नाव नसते. दिल्लीच्या कमानीवर नाव असते, गाव नसते. बसऱ्याच्या भिंतीवर शिपायापुरते दोन्ही नसते, केवळ आकडा असतो.

नाव, गाव आणि आकडा या तिघांची ही फाटाफूट केवळ स्मारकशास्त्राची बाब नाही. नावाला गाव जोडणे, म्हणजे विशिष्ट माणसाला त्याच्या परिसरात, नात्यात आणि बोलीत उभे करणे, हे कथात्म साहित्याचे प्राथमिक कार्य होय. साम्राज्याच्या कारभाराने जे वेगळे केले ते एकत्र आणण्याची क्षमता साहित्यात असते. या दृष्टीने पाहिले असता मराठी साहित्यातील अभाव हा विषयाचा अभाव राहत नाही. तो एका न झालेल्या कार्याची खूण ठरतो.

३

महायुद्धाच्या कारणांविषयी मराठी गद्य मूक नव्हते. तथापि ‘कारण’ हा शब्द या संदर्भात तीन वेगळ्या पातळ्यांवर वापरला जातो, आणि या पातळ्यांची गल्लत केल्याने पुष्कळसा गोंधळ होतो. पहिली पातळी युरोपीय सत्ताकारणाची : करारांनी बांधलेले दोन गट, आरमारी स्पर्धा, बाल्कन प्रदेशातील राष्ट्रवाद, आणि २८ जून १९१४ ची सारायेव्हो येथील हत्या. दुसरी पातळी हिंदी राजकारणाची : साम्राज्य अडचणीत असताना स्वराज्याची मागणी कोणत्या अटीवर व कोणत्या भाषेत करावी. तिसरी पातळी शिपायाची : महिना अकरा रुपये पगार, कर्जात अडकलेली जमीन, पलटणीशी असलेले पिढीजात नाते, भावकीतील मान. मराठी विचारगद्याने पहिल्या पातळीचा परिचय करून दिला, दुसरीवर आपली सारी प्रतिभा खर्च केली, आणि तिसरी जवळजवळ स्पर्शली नाही.

दुसऱ्या पातळीचे सर्वांत प्रभावी रूप अर्थातच लोकमान्य टिळकांच्या भूमिकेत दिसते. जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आल्यावर ऑगस्टअखेरीस त्यांनी सरकारला साहाय्य करण्याची भूमिका जाहीर केली. मात्र या साहाय्याला हक्कांची अट होती, आणि युद्ध लांबत गेले तशी ती अट अधिकाधिक ठळक होत गेली. एप्रिल १९१८ अखेर दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी युद्धपरिषद बोलावली. गांधीजींनी तिच्यात भाग घेऊन सैन्यभरतीच्या ठरावाला पाठिंबा दिला. टिळकांना तिचे आमंत्रण नव्हते. १० जून रोजी मुंबईच्या प्रांतिक परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना राजकीय प्रश्नावर बोलण्यापासून अडवले आणि ते सभा सोडून गेले. हिंदी माणसांना अधिकारपदाच्या सनदा मिळण्याची हमी सरकारने दिली तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे सांगून टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश तारण म्हणून पाठवल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. गांधीजींनी तो परत केला. या हकिगतीत पाच हजार माणसे ही एक संख्या आहे. वाटाघाटीच्या भाषेत ती तशीच असणे स्वाभाविक होते. परंतु त्या काळच्या ललित गद्यातही त्या संख्येचे माणसात रूपांतर झाले नाही, ही बाब समीक्षेच्या विचारकक्षेत येते.

येथे ‘गीतारहस्य’विषयी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. हा ग्रंथ १९१५ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत प्रसिद्ध झाला, आणि युद्धाच्या तोंडावर कर्मयोग सांगणाऱ्या गीतेवरचे ते भाष्य असल्याने त्याला महायुद्धाचे मराठी उत्तर मानण्याचा मोह होतो. परंतु त्याचे लेखन १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात झाले होते. ग्रंथाच्या निर्मितीचा संदर्भ आणि त्याच्या ग्रहणाचा संदर्भ यांत भेद न केल्यास तौलनिक अभ्यासात समकालीनतेलाच कारण समजण्याची चूक घडते. ‘गीतारहस्य’ युद्धकाळात वाचले गेले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

राजकारण आणि रणांगण यांच्या विलगतेचे सर्वांत बोलके उदाहरण दोन लगतच्या तारखांत सापडते. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे झाली. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, कुत पडले आणि तीन मराठा पलटणींतील हयात शिपाई तुर्कांचे युद्धकैदी झाले. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेनंतर मराठा पलटणींच्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावच झाले. एकाच सीमावर्ती शहराशी बांधल्या गेलेल्या या दोन स्मृतींपैकी पहिली मराठी चरित्रवाङ्मयात सविस्तर नोंदली गेली, तर दुसरी पलटणींच्या इंग्रजी इतिहासांत राहिली.

वस्तुतः या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा होता. मेसोपोटेमियातील अपयशाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ताशेऱ्यांमुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या एडविन माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. त्या घोषणेमागे इतरही अनेक दबाव होते, होमरूल चळवळीचाही होता. तरीही ती घोषणा ज्या वाटेने आली त्या वाटेवर कुतचा वेढा होता. मराठी राजकीय गद्याने घोषणेची चिकित्सा केली, १९१९ च्या सुधारणांची केली. त्या परिणामाच्या कारणपरंपरेत सातारा-रत्नागिरीचा शिपाई उभा आहे, ही जाणीव मात्र वाङ्मयीन रूप घेऊ शकली नाही.

४

शेजारच्या साहित्यांशी तुलना केली असता हा प्रश्न अधिक नेमका होतो. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ‘सरस्वती’ मासिकात प्रसिद्ध झाली. गुलेरी स्वतः सैनिक नव्हते. ते संस्कृतचे गाढे पंडित होते. तरीही अमृतसरच्या बाजारातील गाडीवाल्यांच्या बोलीपासून खंदकातील शिपायांच्या थट्टामस्करीपर्यंतचा पल्ला ही कथा सहज गाठते. जमादार लहनासिंह जर्मनांशी कोणत्या कारणासाठी लढत आहे, हा प्रश्न कथेला पडत नाही. त्याच्या मृत्यूचे कारण सुभेदारणीला दिलेल्या शब्दात आहे. युरोपीय युद्धाचे ‘कारण’ बाजूला सारून त्याजागी नात्यातले वचन ठेवणे ही या कथेची मूलभूत रचनाक्लृप्ती होय. तिच्यात साम्राज्याची चिकित्सा नाही, हा आक्षेप घेता येतो. परंतु नावाला गाव जोडण्याचे कार्य ती पूर्णत्वाने करते.

मुल्कराज आनंद यांच्या १९३९ ते १९४२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्रयीत उलट मार्ग दिसतो. ‘द व्हिलेज’, ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ आणि ‘द स्वोर्ड अँड द सिकल’ या तीन कादंबऱ्यांची रचनाच कारण, युद्ध आणि परिणाम अशी आहे. पहिल्या कादंबरीत पंजाबच्या खेड्यातील कर्ज, जमीनदारी आणि रूढींचा जाच लालसिंहला पलटणीत ढकलतो. दुसरीत तो फ्रान्सच्या खंदकात आहे. तिसरीत जर्मन कैदेतून परतल्यावर त्याला आपली जमीन गेलेली दिसते आणि तो किसान चळवळीकडे वळतो. आनंद यांचे वडील डोगरा पलटणीत नोकरीला होते आणि लेखकाचे बालपण छावण्यांत गेले. शिपायाची तिसऱ्या पातळीवरची कारणे त्यांना घरच्या अनुभवातून ठाऊक होती. पंचवीस वर्षांचे अंतर आणि समाजवादी दृष्टी यांमुळे ती कारणे त्यांना कादंबरीच्या आकृतिबंधात बसवता आली.

बंगाली साहित्याचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे, कारण तेथील भरती पंजाबच्या किंवा महाराष्ट्राच्या तुलनेत नगण्य होती. ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतानुसार बंगाली माणूस सैन्यास अयोग्य ठरवला गेला होता. युद्धकाळात बंगाल अँब्युलन्स कोअर आणि नंतर ४९वी बंगाली पलटण उभी राहिली, तेव्हा तिच्यात सुशिक्षित तरुण शिरले. काझी नजरुल इस्लाम याच पलटणीत कराचीला होते, आणि त्यांची ‘बाँधनहारा’ ही पत्ररूप कादंबरी सैनिकी जीवनाच्या पार्श्वभूमीवर घडते. अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी कुत येथे कैद झाले. कैदेत जपून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे लिहिलेले त्यांचे ‘अभि ले बागदाद’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कैद्यांची पायपीट, इस्पितळे, तुर्की सैनिकांशी जुळलेले नाते आणि आर्मेनियन लोकांची वाताहत यांचे ते प्रत्यक्षदर्शी निवेदन आहे. ज्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या, त्याचे भारतीय भाषेतील सर्वांत समृद्ध निवेदन बंगालीत आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. युद्धसाहित्याची निर्मिती सैनिकांच्या संख्येवर अवलंबून नसते. लेखणी आणि बंदूक यांच्यामध्ये ये-जा करणारा कोणी मध्यस्थ आहे की नाही, यावर ती अवलंबून असते. बंगालमध्ये लेखणीवालाच गणवेश घालून गेला. आनंद यांच्या बाबतीत पलटणीतल्या कारकुनाचा मुलगा लेखक झाला. गुलेरींच्या बाबतीत प्रदेशाची बोली, बाजार आणि लोकस्मृती यांनी मध्यस्थी केली. रोहतक, गुडगाव हे आज राजधानी क्षेत्रात मोडणारे आणि त्या काळी पंजाबात असलेले जिल्हे भरतीने ढवळून निघाले होते. त्या प्रांतात शिपाई हा सार्वत्रिक परिचयाचा माणूस होता. स्त्रियांच्या पंजाबी लोकगीतांत ‘लाम’ आणि ‘बसरा’ हे शब्द रुजावेत इतका तो परिचय व्यापक होता. महाराष्ट्रात हे तिन्ही मार्ग अरुंद होते. पुण्या-मुंबईचा लेखकवर्ग आणि कोकण-देशावरचा भरतीवर्ग यांच्यात जात, वस्ती आणि शिक्षण अशा तिहेरी भिंती होत्या.

पत्रांच्या साधनाने ही उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवणेही धोक्याचे आहे. फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे टपाल-तपासनिसांच्या अहवालांतून टिकले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांची निवड प्रसिद्ध केली, आणि शंतनु दास यांच्या २०१८ च्या ग्रंथाने या साऱ्या सामग्रीच्या वाचनाची पद्धत घडवली. तथापि ही पत्रे बहुतांशी तपासनिसांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांतच उरली आहेत, आणि मेसोपोटेमियाच्या बाबतीत तेवढाही सलग संग्रह हाती नाही. पत्र मुळात लेखनिकाने लिहिलेले, मग तपासनिसाने निवडलेले, मग अनुवादित झालेले. अशा तिहेरी गाळणीतून आलेल्या मजकुराला ‘शिपायाचा आवाज’ म्हणण्यापूर्वी अनुवादविचाराची साधने वापरणे अपरिहार्य ठरते.

५

मराठीत मध्यस्थ अजिबात नव्हते असे नाही. त्यांपैकी पहिला मार्ग वैद्यकाचा. सुशिक्षित मराठी तरुणाला लढाऊ पलटणीत अधिकारपद मिळणे युद्धाची बहुतेक वर्षे अशक्य होते. डॉक्टर म्हणून मात्र त्याला सैन्यात शिरता येई. कथाकार व विनोदी लेखक म्हणून परिचित असलेले कॅप्टन गो. गं. लिमये हे या मार्गाने गेले, आणि ‘सैन्यातील आठवणी’ हे त्यांचे पुस्तक या युद्धाशी मराठी गद्याचा थेट संबंध जोडते. ‘अभि ले बागदाद’प्रमाणे येथेही निवेदक जखम करणारा नसून जखम बांधणारा आहे. सुशिक्षित भारतीयाला युद्ध ज्या दारातून पाहता आले, त्या दारानेच निवेदनाचा दृष्टिकोन ठरवला. या दोन कृतींचा साक्षेपी तौलनिक अभ्यास मराठी-बंगाली संबंधांच्या अभ्यासकांनी करणे अगत्याचे आहे.

दुसरा मार्ग क्रांतिकारकांचा. विष्णू गणेश पिंगळे हा पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील तरुण अमेरिकेत गदर चळवळीत सामील झाला आणि युद्ध सुरू होताच परतला. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत, घोडदळाच्या बराकीत, तो बाँबसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे कर्तारसिंग सराभा आणि इतरांसोबत त्याला फाशी देण्यात आले. आज राजधानी क्षेत्रात समाविष्ट असलेल्या या मेरठच्याच नावाची डिव्हिजन त्या मार्च महिन्यात फ्रान्समध्ये नव्ह शापेलची लढाई लढत होती. सुशिक्षित मराठी तरुण शिपायांच्या बराकीत जाऊन त्यांच्याशी बोलतो आहे, अशी ही विरळा घटना. परंतु पिंगळ्यांची स्मृती क्रांतिचरित्रांत विसावली आणि ज्या शिपायांशी तो बोलला ते तेथेही अनामिक राहिले. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये (१९२७) महायुद्धाची वार्ता अंदमानच्या तुरुंगात पोचते आणि गदरचे कैदीही तेथे येतात. युद्ध तेथे भिंतीपलीकडून ऐकू येणारी राजकीय संधी आहे.

तिसरा मार्ग सर्वांत दुर्लक्षित, आणि म्हणूनच वाङ्मयविचारासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. तो अर्जांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे दाद मागण्यासाठी मजकूर सिद्ध केले. या लेखनात सैनिकी सेवा ही राजनिष्ठेची ग्वाही असते, पण तेवढीच नसते. पूर्वजांनी गाजवलेल्या पराक्रमाच्या आधारे नागरिकत्वाचा दावा मांडणारा तो युक्तिवाद असतो. युद्धाची गरज वाढली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना त्यानंतर १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर, झाली.

या लेखनात युद्धाचे कारण आणि परिणाम हे दोन्ही शिपायाच्या बाजूने मांडलेले आढळतात. बंदी हे कारण, पलटण ही आशा, विसर्जन हा परिणाम. टिळकांच्या सनदांच्या मागणीत आणि या अर्जांत एक समान सूत्र आहे : सेवा आणि हक्क यांची सांगड. फरक असा की टिळक इतरांच्या सेवेच्या आधारे हक्क मागत होते, अर्जदार स्वतःच्या समाजाच्या. अर्ज हा वाङ्मयप्रकार नाही अशी समजूत असल्यामुळे ही संहिता वाङ्मयेतिहासातून निसटली. वस्तुतः निवेदक, संबोधित, पुरावा आणि मागणी यांची सुस्पष्ट रचना असलेला तो एक प्रगल्भ गद्यप्रकार आहे.

६

युद्धाचे परिणाम मराठी साहित्यात विपुल आहेत, पण ते युद्धापासून तुटलेल्या स्थितीत आहेत. महागाई, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, रौलट कायदा, खिलाफत, असहकार यांतील प्रत्येक विषयावर लिहिले गेले. साथीने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले, म्हणजे युद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांच्या शंभरपटीहून अधिक. घरातल्या या मृत्यूंपुढे बसऱ्याचे मृत्यू मागे पडावेत, यात अस्वाभाविक काही नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी आपल्या प्रस्तावनाखंडाच्या पहिल्याच विभागाला ‘हिंदुस्थान आणि जग’ असे नाव दिले. जगाशी असलेल्या नात्याचे भान युद्धोत्तर मराठी बुद्धिवंताला किती तीव्रतेने झाले होते, याचे ते नाव द्योतक आहे. परंतु ते नाते ज्यांनी देहाने अनुभवले होते, त्यांची साक्ष त्या भानात मिसळली नाही.

येथे पुन्हा स्मारकाकडे वळणे उपयुक्त ठरेल. पिंगळ्यांच्या तळेगाव ढमढेऱ्यापासून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमाजवळ १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. तोही कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला होता. त्यावर महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे भेट दिली, आणि साम्राज्याच्या दगडाचे वाचन एका समाजाने आपल्या अर्थाने सुरू केले. दगड तोच राहिला, संहिता बदलली. त्या वाचनाला आधार होता तो नावांचा. जेथे नाव होते तेथे वंशज पोचू शकला. बसऱ्याच्या आकड्यापाशी कोणालाही पोचता आले नाही, आणि इंडिया गेटचे तर अर्थच राजधानीच्या गरजेनुसार बदलत गेले. १९७२ मध्ये तेथे अमर जवान ज्योती आली, २०२२ मध्ये ती २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली. या स्थित्यंतरांत पहिल्या महायुद्धातील शिपायाची ओळख एका व्यापक राष्ट्रीय प्रतीकात मिसळून गेली.

या विवेचनातून तौलनिक अभ्यासासाठी दोन बाबी निष्पन्न होतात. एक, एखाद्या साहित्यातील अभावाला ‘अनुभवाचा अभाव’ मानण्यापूर्वी त्या समाजातील लेखनाचे वाटप तपासले पाहिजे. मराठी समाजाला या युद्धाचा अनुभव होता. लेखनाचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांचा तो नव्हता, एवढेच. दोन, या अनुभवाचा शोध कथा-कादंबरीत घेऊन थांबणे पुरेसे नाही. अर्ज, निवृत्तिवेतनाचे कागद, गावशिला, पलटणीच्या नोंदी आणि स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या यांचा एकत्र विचार करणारी वाङ्मयदृष्टी त्यासाठी घडवावी लागेल. ओव्यांच्या मोठ्या संग्रहाचे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केले आहे. सैन्यात गेलेल्या मुलाचा आणि भावाचा शोध तेथे घेण्याजोगा आहे. पंजाबी लोकगीतांशी त्याची तुलना हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

दिल्लीच्या कमानीवरील रोमन लिपीतील नावे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या देवनागरी शिलांवरील आकडे यांची गाठ अजून पडलेली नाही. ती घालण्याचे काम इतिहासकाराने नोंदींच्या आधारे करावयाचे आहे. त्या नोंदीतील माणूस कोणत्या कारणाने गेला आणि त्याच्या जाण्याचा परिणाम मागे राहिलेल्यांवर काय झाला, हे सांगण्याचे दायित्व मात्र वाङ्मयावर आणि त्याच्या समीक्षेवर आहे. शंभर वर्षांनंतरही ते पुरे झालेले नाही.